कोठीतली सीलबंद बरणी

१

बरणीच्या तोंडावरची लाख शाबूत होती. लाखेखालचा दोरा शाबूत होता आणि दोऱ्याला बांधलेली तीन सह्यांची चिठ्ठीही शाबूत होती. आतल्या मक्यातलं विष तेवढं गायब झालं होतं.

बाहेरच्या प्रयोगशाळेतून बोलावलेल्या माणसानं सगळ्यांदेखत तीनदा चाचणी केली. बुरशीच्या विषाची मर्यादा वीसची. गोदामाच्या परीक्षकबाईंनी चाळीस दिवसांपूर्वी याच मक्याचा आकडा ब्याऐंशी लिहिला होता, आणि थोडा मका नमुना म्हणून या बरणीत सीलबंद केला होता. आज तिन्ही वेळा आकडा आला तीन. त्या ब्याऐंशीवर विसंबून दोनशे दहा पोती मका भट्टीत घातला होता, आणि राखेची काही फेरतपासणी होत नाही.

पंच म्हणून तागडीबाई हजर होत्या. तीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेलेली ही बाई निवृत्त झाली तरी नाव काही सुटलं नाही. बाजारात त्या दिसल्या की अजूनही दुकानदार उगाचच पारडी पुसायला लागत. लाख फोडण्याआधी त्यांनी बरणी डोळ्यांजवळ धरली होती, लाख पाहिली होती, दोरा ओढून पाहिला होता, आणि कागदावर लिहिलं होतं, ‘सील शाबूत, नमुना विश्वासार्ह.’ खाली झोकात सही केली होती. ही सही पुढे किती बोचणार आहे, याची त्यांना तेव्हा काय कल्पना?

उत्पादक संघाच्या अध्यक्षांनी परीक्षकबाईंना विचारलं, काही सांगायचं आहे का? परीक्षकबाई तिशीची मुलगी. तिनं बरणी उचलली, हळूहळू गोल फिरवली, चिठ्ठी वाचली, फोडलेल्या लाखेवर अंगठा फिरवला. मग दाराशी उभ्या असलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं. दारात मक्यातलं विष काढणाऱ्या यंत्राचे इंजिनिअर होते, कोठीवाले नाना होते, दोन हमाल होते.

“नाही,” ती म्हणाली. “काही सांगायचं नाही.”

कोठीवाले नाना तिचे वडील. चौतीस वर्षं कोठी सांभाळली, एका दाण्याचा फरक नाही. ते सगळ्यांसमोर अंगणात तिला म्हणाले, “खोटं माप लिहिणाऱ्या माणसाला माझ्या घरात जागा नाही.” पोरीनं मान खाली घातली. संध्याकाळच्या आत एक पिशवी भरून ती मैत्रिणीच्या खोलीवर गेली.

आठ दिवसांनी समितीपुढे सुनावणी होती. त्यात ती दोषी ठरली, तर नोकरी जाणार होतीच, वर पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत तिला कोणी उभं करणार नव्हतं. अर्धी बरणी पुरावा म्हणून तागडीबाईंच्या ताब्यात आली. पिशवीत घालून घरी नेताना त्यांच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. खोटं लिहिणारं माणूससुद्धा आधी फेरतपासणी मागतं. या पोरीनं ती मागितलीच नव्हती.

२

इंजिनिअरांना गोदामात सगळे दिवेसाहेब म्हणत. दोन वर्षांपूर्वी दिव्यांचं यंत्र त्यांनीच उभं केलं होतं. हलती जाळी, जाळीवर फिकट पिवळ्या भुकटीचा लेप आणि वर दिव्यांची रांग. बुरशी लागलेला मका जाळीवरून थरथरत पुढे सरकतो, उजेड पडला की ती भुकटी जागी होते, आणि दाण्याच्या सालीवरच्या विषाचे तुकडे तुकडे करते. भुकटी स्वतः काही संपत नाही. तिला फक्त उजेड लागतो, आणि थोडा ओलावा असला तर काम आणखी जोरात होतं.

“दिवा नसला तर?” तागडीबाईंनी विचारलं.

दिवा नसला तर ती नुसती माती, असं ते म्हणाले. म्हणून तर दाणे एकेरी थरात सोडायचे. दाण्यावर दाणा चढला की खालचा अंधारात राहतो, आणि विषासकट जसाच्या तसा बाहेर पडतो. हा मका चढवला त्या दिवशीही थर एकेरीच होता ना, या प्रश्नावर साहेबांनी चष्मा पुसला आणि नेहमीसारखंच सगळं झालं असं सांगितलं. भुकटी दाण्यांबरोबर निघून येत नाही का? छे, खरवडली तरी निघत नाही.

भिंतीवर बारा नियमांचा फलक होता. तागडीबाईंनी तो सवयीनं शेवटपर्यंत वाचला. अकरावा नियम होता: नमुने बंद कपाटात ठेवावेत. तसे ते कोठीतल्या लाकडी कपाटात ठेवलेही जात होते. परीक्षकाच्या हाती नमुना राहू नये म्हणून किल्ली कोठीवाल्याकडे, अशी इथली पद्धत.

बाहेर पडताना त्यांनी आवक-जावक वही मागून घेतली. यंत्र तासाला तीस पोती घेतं, हे साहेबांनी अभिमानानं सांगितलं होतं. दोनशे दहा पोत्यांना सात तास हवेत. वहीत नानांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: सुरुवात दहा, समाप्ती दीड. म्हणजे साडेतीन तास. वजनमापाच्या बाईला भागाकार शिकवावा लागत नाही. त्या दिवशी थर दुप्पट जाड होता आणि साहेब खोटं बोलत होते.

म्हणजे मका खरोखरच विषारी राहिला असणार, आणि पोरीचा ब्याऐंशी खरा असणार. पण मग लाख न फोडता बरणीतला मका बदलला कोणी?

३

अध्यक्ष मोठ्या आवाजाचे गृहस्थ. बरणी उघडायचा हट्ट त्यांचाच होता. यंत्र चांगलं, मका चांगला, आणि बाईच्या एका आकड्यापायी आमच्या माणसांचं वर्षभराचं राबणं राखेत गेलं, हे त्यांनी तागडीबाईंना तीन वेळा ऐकवलं. नमुन्यात गडबड होऊ नये म्हणून आपण स्वतः डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होतो, असंही म्हणाले.

“कोठीत गेला होतात?”

“कोठीत कशाला जाऊ? उगाच आळ यायचा. येता-जाता अंगणातून बघायचो. बरणी जागेवर होती, काचेतून दाणे स्पष्ट दिसायचे.”

तागडीबाईंनी मान डोलावली आणि निघाल्या. माणूस मोठ्यानं बोलायला लागला की आपण त्याचा आवाज ऐकतो, शब्द ऐकत नाही. त्यांचंही तेच झालं.

तिथून त्या नानांकडे गेल्या. दोन खोल्यांचं घर, पुढे अरुंद गॅलरी. गॅलरीच्या कठड्यावर एक गादी वाळत घातली होती, शेजारी उशी. नानांनी पाणी दिलं. जिन्यावर कोणी चाललं की ते बोलणं थांबवून ऐकत होते.

कपाटाची किल्ली चाळीस दिवस कमरेलाच होती, त्यांनी सांगितलं. बरणी कोणी उघडली नाही, कोणाची हिंमतही नव्हती. हे सांगताना त्यांची नजर सरळ होती. असली नजर तागडीबाईंनी तीस वर्षांत फार थोड्या माणसांची पाहिली होती. खोटं बोलणारा माणूस हा नव्हे, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं.

“पोरीनं असं का केलं असेल, नाना?”

“मला विचारू नका, बाई. लहानपणी माझ्या मांडीवर बसून दाणे ओळखायला शिकली. किडका कुठला, कोवळा कुठला, डोळे मिटून सांगायची.” एवढं बोलून ते उठले, गॅलरीत गेले आणि गादी उलटी करून पुन्हा कठड्यावर टाकली. उशी थोपटली, तीही फिरवून ठेवली. “हवा कुबट आहे. नुसतं पडून राहिलं की वास धरतं.”

“तुमची गादी?”

नानांनी उशीची खोळ ओढून सारखी केली. “तिची,” ते म्हणाले.

घरात जागा नाही म्हणणारा माणूस रोज तिचं अंथरूण फिरवत होता. तागडीबाईंना वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. राग आला की त्यांना नीट दिसायचं नाही, हा त्यांचा जुना दोष. त्या दिवशीही डोळ्यांसमोरचं त्यांना दिसलं नाही.

४

परीक्षकबाई मैत्रिणीच्या खोलीत खिडकीशी बसली होती. तागडीबाईंनी तिला वहीतली वेळ सांगितली, दुप्पट थराचं सांगितलं. पोरीच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ते तिला त्याच दिवशी कळलं होतं. वरचे दाणे साफ, खालचे तसेच, दाण्यांवर पिवळट धूळ. सगळं एकत्र करून आकडा आला ब्याऐंशी. साहेबांना तिनं सांगितलंही होतं. बाहेर गाड्या खोळंबल्या होत्या, मका पुन्हा चढवायला वेळ नाही म्हणाले. मग तिनं नियमाप्रमाणे आकडा लिहिला आणि माल भट्टीत गेला.

“अगं, मग हे सगळं त्या दिवशी बोलायचं नाही का? मूग गिळून का बसलीस?”

“बोलून काय होणार? बरणीत तीनच आला ना. आणि लाख शाबूत होती, बाई. तुम्हीच लिहिलंत.”

हे तिनं टोचून म्हटलं नव्हतं, म्हणूनच जास्त टोचलं. तागडीबाई उठल्या. पोर दारापर्यंत आली, आणि तागडीबाई चपला घालत असताना तिनं हळूच विचारलं, “बाबा बरे आहेत ना? निवृत्तीला चार महिनेच राहिलेत त्यांच्या. त्यांच्या निरोपाच्या दिवशी सगळं गोदाम जमणार आहे. एवढं नीट पार पडू दे.”

“तुझी नोकरी जाते आहे आणि तुला त्यांच्या निरोपाचं पडलंय?”

“चौतीस वर्षांत त्यांच्या कामाला कोणी बोट लावलं नाही,” ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

तागडीबाई रस्त्यात मध्येच थांबल्या. पोरीला उत्तर माहीत होतं. बरणी हातात घेऊन फिरवली तेव्हाच तिला ते कळलं होतं, आणि ते सांगायचं नाही हेही तिनं तिथेच ठरवलं होतं.

५

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणतात ते काही उगाच नाही. सहा दिवस त्या दारोदार हिंडल्या आणि बरणी त्यांच्याच कपाटात बसली होती.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी ती टेबलावर घेतली आणि पहिल्यांदा नीट पाहिली. पोरीनं फिरवली होती तशी गोल फिरवून पाहिली. चिठ्ठीवरची शाई पार उडाली होती, सह्या जेमतेम वाचता येत होत्या. फोडलेल्या लाखेचा तुकडा पिशवीतच होता. त्यावरचा अंगठ्याचा ठसा पुसट झाला होता आणि लाख एका बाजूला थोडी ओघळली होती. लाख काय अंधाऱ्या कपाटात ओघळते? शाई काय बंद दाराआड उडते? हे सगळं त्या दिवशीही समोर होतं. त्यांनी फक्त चीर आहे का ते पाहिलं. चीर नव्हती, म्हणून सही ठोकली.

तेव्हा अध्यक्षांचे शब्द त्यांना ऐकू आले. अंगणातून बरणी दिसायची, काचेतून दाणे दिसायचे. कपाट तर लाकडाचं होतं, दारं बंद. अंगणातून दिसते ती फक्त कोठीची दक्षिणेकडची खिडकी.

त्यांनी मका ताटात ओतला आणि निवडायला बसतात तशा बसल्या. दोन मुठी चाळवल्या तोच बोटांना पिवळट भुकटी लागली. खरवडली तरी निघत नाही म्हणे! जाड थराच्या घासाघाशीनं ती जाळीवरून निघून दाण्यांना चिकटली होती आणि दाण्यांबरोबरच बरणीत आली होती. भुकटीला हवा फक्त उजेड.

आणि उजेड देणारा कोण, हे त्यांना आता विचारायची गरज नव्हती. गॅलरीतली गादी डोळ्यांपुढे आली. बरणीला आतून घाम आला असणार. दाण्याला ओल लागलेली ज्याला बघवत नाही, त्या माणसानं ती सकाळी खिडकीत ठेवली असणार, दुपारी हलवून फिरवली असणार, संध्याकाळी पुन्हा कपाटात ठेवून कुलूप लावलं असणार. धान्याला ऊन दाखवणं यात चुकीचं काय? त्यांच्या स्वतःच्या आईनं जन्मभर तेच केलं होतं.

पण असणार, असणार म्हणून समिती ऐकणार नव्हती. तागडीबाईंनी बरणी पालथी केली. तळाशी काहीतरी अडकलं होतं. चमच्याच्या दांड्यानं हलवलं तेव्हा लिंबाएवढा गोळा बाहेर पडला. ओलीनं दाणे एकमेकांना घट्ट चिकटले होते. कितीही हलवलं, फिरवलं, तरी त्या गोळ्याच्या पोटातल्या दाण्यांनी चाळीस दिवसांत उजेड पाहिला नव्हता. गोळा त्यांनी फोडला नाही. तसाच डबीत घालून त्या प्रयोगशाळेत गेल्या आणि त्याच माणसासमोर फोडायला लावला.

बाहेरच्या दाण्यांचा आकडा आला चार. पोटातल्या दाण्यांचा आला एकोणऐंशी.

६

त्याच दुपारी त्या नानांकडे गेल्या. गॅलरीत गादी होती. कसं सांगावं याचा वाटेत त्यांनी पुष्कळ विचार केला होता, पण दार उघडल्यावर सरळ विचारलं.

“नाना, बरणीला ऊन दाखवत होता?”

“हो,” नाना म्हणाले. “घाम आला होता तिला. बुरशी धरली असती, मग नमुना कसला राहणार? पण उघडली नाही हं, बाई. देवाशपथ. नुसती खिडकीत ठेवायचो, दोनदा हलवायचो. दहा ते चार.”

“रोज?”

“एक दिवस चुकवला नाही.”

तागडीबाईंनी सगळं सांगितलं. भुकटी, उजेड, गोळा, एकोणऐंशी. नाना ऐकत राहिले. मध्येच उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

“म्हणजे तिनं लिहिलेलं खरं होतं.”

“अगदी खरं.”

“आणि मीच तिला खोटं पाडलं.” त्यांनी कमरेची किल्ली काढली, हातात धरली. “तिला माहीत आहे हे?”

“बरणी हातात घेतली तेव्हाच कळलं तिला. तुमचं नाव येईल म्हणून गप्प बसली.”

नानांचे डोळे भरून आले. त्यांनी ते पुसले नाहीत. “मी सगळ्यांसमोर बोललो तिला. ती खाली मान घालून उभी होती, आणि माझ्यासाठीच उभी होती. धान्याला ऊन दाखवता येतं हो, बाई. ते बोलणं मी आता कुठल्या उन्हात ठेवू?”

तागडीबाई म्हणाल्या, की चूक एकट्या नानांची नाही. लाख पाहिली आणि बरणी पाहिली नाही, ती त्यांची. नमुना कपाटात का ठेवायचा हे फलकावर लिहिलं नाही आणि जाड थराचं लपवलं, ती साहेबांची. नानांनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी विचारलं, सुनावणी किती वाजता आहे?

७

सुनावणीत तागडीबाईंनी आधी स्वतःचा कागद मागून घेतला आणि ‘नमुना विश्वासार्ह’ हे शब्द सगळ्यांसमोर खोडले. मग वही, लाखेचा तुकडा, चिठ्ठी आणि दोन आकडे मांडले. दिवेसाहेबांनी थोडा वेळ हो-ना केलं, शेवटी थर जाड होता हे कबूल केलं. भुकटी साध्या उन्हातही चालते, म्हणूनच अकरावा नियम लिहिला होता, हेही सांगितलं. तीन आकडा आला तेव्हा त्यांना शंका आली होती. पण शंका बोलून दाखवली तर थराचं बाहेर आलं असतं.

सांगता सांगता तागडीबाई खिडकीच्या गोष्टीपर्यंत आल्या आणि अडखळल्या. बरणी उन्हात ठेवली कोणी, असं अध्यक्षांनी विचारलं. परीक्षकबाई झटकन उठली. पण नाना तिच्या आधी उभे राहिले होते.

“मी ठेवली. पोरीचा आकडा बरोबर आहे. मी अंगणात जे बोललो ते चूक होतं. तेही लिहून घ्या.”

लिहून घेतलं. परीक्षकबाई निर्दोष ठरली. दिवेसाहेबांची चौकशी सुरू झाली. पण नमुन्याला हात लावला हा नियमभंग होताच, तेव्हा कोठीची किल्ली नानांकडून त्याच दिवशी काढून घेतली. उरलेले चार महिने त्यांना रजेवर बसवलं. निरोपाचा समारंभ झाला नाही. अध्यक्षांना वाईट वाटलं, त्यांनी पहिल्यांदाच हलक्या आवाजात तसं सांगितलं. तागडीबाईंना वाटलं, आपण न्याय केला खरा, पण कोणाच्या घरी नेऊन ठेवला?

बापलेक घराकडे निघाले तेव्हा त्या थोड्या मागून चालत होत्या. नानांनी त्यांना येण्याचा आग्रह केला होता. एकमेकांबरोबर एकटं चालायची दोघांनाही भीती वाटत होती बहुतेक. जिना चढताना नानांचा हात सवयीनं कमरेशी गेला, तिथं किल्ली नव्हती.

“तू सांगायला हवं होतंस,” दारात ते म्हणाले.

“तुम्ही विचारायला हवं होतं, बाबा.”

“हो,” नाना म्हणाले. “विचारायला हवं होतं.”

ते गॅलरीत गेले. ऊन उतरत आलं होतं. त्यांनी कठड्यावरची गादी उचलली, आत आणून भिंतीकडेला तिच्या जागी अंथरली, उशी ठेवली, चादर ओढून सारखी केली. पोर पाहत उभी राहिली. मग खाली बसली आणि गादीवर हात ठेवला. तिनं तो बराच वेळ उचलला नाही.

“रोज उन्हात घालत होतात?”

“आठही दिवस,” नाना म्हणाले.

गादी अजून गरम होती. तागडीबाईंनी दाराबाहेरच चपला घातल्या आणि आवाज न करता जिना उतरल्या.